शुभेच्छांची बस

भटवाडीतल्या श्री रवळनाथ सोसायटीत कुणाचं पोर दहावीला गेलं की आख्ख्या बिल्डिंगला ताप चढतो. पोर बिचारं ठणठणीत असतं. बिल्डिंगच आजारी पडते.

यंदा नंबर सर्वेशचा होता. तळमजल्यावरची चार-पाच पोरंही दहावीला होती, पण ती जवळच्याच शाळेतली, दंगेखोर, त्यांना कोण विचारतंय. सर्वेश सेमी-इंग्लिशवाला. त्याच्या आईने, नीलाकाकीने, पाचवीतच त्याला हट्टाने पार विक्रोळी पार्कसाइटच्या शाळेत घातलं होतं. वर त्याला चष्मा. त्यामुळे बिल्डिंगने ठरवूनच टाकलं की हा पोरगा आपलं नाव काढणार. पोराला कुणी विचारलं नाही.

जानेवारी संपायच्या आत त्याच्या घराची बेल सुरू झाली. संध्याकाळी दिवे लागले की माणसं यायची. येताना पेन आणायची. दहावीच्या पोराला पेन द्यायचं, हे कुणी कधी काढलं देव जाणे, पण सर्वेशकडे इतकी पेनं जमली की स्टेशनबाहेर चादर टाकून बसला असता तर सीझन निघाला असता. पेन दिलं की माणूस बसायचा. बसला की चहा, आणि चहा आला की उपदेश. कुणी म्हणायचं पहाटे उठ, कुणी म्हणायचं रात्री जाग, आणि दोघांचं ऐकलं असतं तर पोरगा मेला असता. उठताना मात्र सगळे एकच बोलायचे, की टेन्शन घेऊ नकोस. हे इतक्या वेळा ऐकल्यावर सर्वेशला पहिल्यांदा वाटलं की आपण टेन्शन घ्यायला पाहिजे, आणि त्याने ते मनापासून घेतलं.

समोरच्या दाराची बेल मात्र कुणी वाजवत नव्हतं. तिथे अक्षता राहायची.

अक्षता घाडी, वय सतरा, शाळा सोडलेली. नववीत असताना बाईंनी फळ्यासमोर उभं करून सगळ्या वर्गाला सांगितलं की हिच्याकडून काही व्हायचं नाही, हिच्या आईला म्हणावं आतापासून स्थळं बघायला लाग. अक्षताने हातातला खडू टेबलावर ठेवला, दप्तर उचललं आणि चालती झाली. ती परत गेलीच नाही. डोकं थंड झाल्यावर जावंसं वाटलं होतं, पण डोकं थंड व्हायला दोन वर्षं लागली.

तेव्हाही बिल्डिंग आली होती. घरात रांग लावून, चहा पिऊन, प्रत्येकाने तिच्या आयुष्याचं पुढे काय वाटोळं होणार ते समजावून सांगितलं होतं. तिची आई, सुगंधा, चहा करून करून थकली. बोलून झाल्यावर मग लोकांनी अक्षताचा विषय बंद केला. ती असल्फ्याला मामाच्या दुकानात मिक्सर-पंखे दुरुस्त करायला बसायला लागली आणि ही पोरगी हातची गेली म्हणून बिल्डिंगने तिला सोडून दिलं. त्यामुळे झालं काय, तर त्या आख्ख्या सात मजल्यांत एकच घर असं उरलं जिथे संध्याकाळी शांतता असायची. कारण तिथे कुणाला कसली अपेक्षाच नव्हती.

आणि त्या शांततेत अक्षता दहावीचा अभ्यास करत होती.

सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. मुलुंडच्या आयटीआयमध्ये तिला इलेक्ट्रिशियनला जायचं होतं. पंखा कसा बांधायचा ते तिला येत होतं, पण तिथल्या माणसाने सरळ सांगितलं की दहावी पास नसेल तर फॉर्मसुद्धा मिळणार नाही. घरी येऊन तिने आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, आणि दोघांना तंबी दिली की बाहेर कुणाला कळलं तर मी परीक्षेला बसणार नाही. बाबा तसेही घरात मोजकंच बोलायचे, त्यामुळे तिकडून धोका नव्हता. आईला मात्र पोटात ठेवायला जड जात होतं. ती म्हणायची, "अगो, चांगली गोष्ट आसा मा, लपवतंस कित्याक?"

"चांगली आहे म्हणूनच लपवायची, आई. या लोकांना कळलं तर ते मला प्रोत्साहन देतील. मग मी नक्की नापास."

हे नुसतं टोमण्यासाठी नव्हतं. तिला खरंच भीती होती. एकदा सगळ्यांच्या देखत ती पडली होती. यावेळी पडायचंच असेल तर एकटीने, गुपचूप पडू दे, आणि पास व्हायचं असेल तर निदान पेपर संपेपर्यंत घरात कुणी पेन घेऊन येऊ नये. एवढीच तिची मागणी होती. या बिल्डिंगमध्ये ती जरा जास्तच होती.

सर्वेशला मात्र कळलं. एकदा तो शिव्या देत जिन्यात बसला होता, कारण घरात दुसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड येऊन बसलं होतं आणि उद्या त्याची सराव परीक्षा होती. अक्षता दुकानातून येत होती. तिने त्याच्या हातातलं भूमितीचं पुस्तक बघितलं, म्हणाली तिसरं प्रकरण मलापण कळत नाहीये. सर्वेशने चष्मा वर केला. "तुला कशाला कळायला पाहिजे?" असं त्याने विचारलं, आणि मग त्याचं त्यालाच कळलं.

तेव्हापासून तो रोज तिच्याकडे अभ्यासाला यायला लागला. प्रश्न एवढाच होता की शाळा सोडलेल्या पोरीच्या घरी अभ्यासाला जातो म्हणाला असता तर नीलाकाकीने त्याला कोंडून घातलं असतं. म्हणून तो येताना मिक्सर घेऊन यायचा. आई, मिक्सर आवाज करतोय, अक्षताकडे दाखवून आणतो. दोन तासांनी मिक्सर घेऊन परत. दुसऱ्या दिवशी त्याचं भांडं गळायचं. तिसऱ्या दिवशी वायर गरम व्हायची. त्या मिक्सरइतका बिघडलेला मिक्सर घाटकोपरात दुसरा नसेल. नीलाकाकी सगळ्यांना सांगायची की ती घाड्यांची पोरगी काही कामाची नाही, एक मिक्सर धड होत नाही तिच्याच्याने. अक्षताच्या कानावर हे आलं तेव्हा तिला एवढा राग आला की तिने एकदा तो मिक्सर खरंच उघडून, साफ करून, घट्ट बसवून दिला. सर्वेशने विनवण्या केल्या म्हणून परत ढिला केला.

आता यात अण्णा यायचे राहिलेत. ते आल्याशिवाय या सोसायटीत काहीच होत नाही.

अण्णा परब म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी आणि मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. कुणाचं मयत असो, बारसं असो, अण्णा सगळ्यात पुढे. फक्त त्यांना एक खोड. दुसऱ्याचं ऐकायला त्यांच्याकडे वेळ नसतो, कारण तेवढ्या वेळात त्यांना बोलायचं असतं. तर अण्णांनी ठरवलं की परीक्षेच्या आधीच्या रविवारी हॉलमध्ये शुभेच्छा सोहळा करायचा. आणि माइक लावायला बोलावलं अक्षताला.

ती गेली. नाही म्हणाली असती तर कारण सांगावं लागलं असतं, आणि खरं कारण हे होतं की तिला इतिहासाचं एक प्रकरण संपवायचं होतं.

सोहळा म्हणजे काय, तर पोरं पुढे खुर्च्यांवर, गळ्यात हार, चेहरे बळीच्या बकऱ्यासारखे. मागे भिंतीवर बॅनर. बॅनरवर पोरांचे फोटो टिकलीएवढे आणि अण्णांचा ढोलाएवढा. अण्णा बोलायला उभे राहिले. मेहनत, चिकाटी, आमच्या वेळी रस्त्यावरचे दिवे, आमचे वडील गिरणीतून येऊन आमच्या पाठीत घालायचे म्हणून आम्ही शिकलो, सगळं झालं. मग त्यांना उदाहरण पाहिजे होतं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली, आणि ती माइकच्या डब्याशी बसलेल्या अक्षतावर येऊन थांबली.

"आता ही आपली अक्षता," अण्णा अगदी प्रेमाने म्हणाले. "पोरगी हुशार. पण शाळा सोडली, म्हणून आज बघा. तुम्ही खुर्चीवर आहात, ती वायरी गुंडाळतेय. यातून शिका पोरांनो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसणार. अक्षताचा अंगठा माइकच्या बटणावर होता. ते दाबलं असतं तर अण्णा मुके झाले असते. किंवा उठून तिने फक्त एवढं सांगितलं असतं की मीपण परवा पेपरला बसतेय, तर हॉलच मुका झाला असता. दोन्ही तिच्या जिभेवर आणि बोटावर आलं होतं. पुढच्या खुर्चीवरून सर्वेश मान वळवून तिच्याकडे बघत होता, नको नको म्हणून डोळे मोठे करत. तिने अंगठा काढून मांडीखाली दाबून ठेवला. सतरा वर्षांत राग गिळायची तिची ही पहिलीच वेळ, आणि तो खाली जाताना चांगलाच लागला.

शेवटी अण्णांनी सरप्राइज फोडलं. पहिल्या पेपरला मंडळातर्फे फुकट बस. ढोल-ताशा लावून, औक्षण करून, सगळ्या पोरांना सेंटरवर नेऊन सोडणार. टाळ्या. सर्वेश उठून काही सांगायला गेला की त्याचं सेंटर वेगळं आहे, त्याच्या शाळेजवळ, पार्कसाइटला. अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, लाजू नको, बस आपलीच आहे. अण्णांच्या काळात बिल्डिंगमधली, म्हणजे तेव्हाच्या चाळीतली, झाडून सगळी पोरं एकाच शाळेत जायची आणि एकाच सेंटरवर बसायची. त्यानंतर काही बदललं असेल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं होतं, पण ते बोलत होते.

अक्षताने नंतर सर्वेशला झापलं, की सांग ना घरी, तोंड नाही का तुला. त्याने आईला सांगितलं. नीलाकाकीने सोसायटीच्या ग्रुपवर अण्णांना लिहिलं की सर्वेशचं सेंटर पार्कसाइटला आहे. अण्णांनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. काकी निश्चिंत झाली. तिची कुरिअरच्या ऑफिसात सकाळची पाळी होती, सुट्टी मिळत नव्हती, आणि सेक्रेटरीने हात जोडलेत म्हणजे बस आधी तिकडे जाणार, असं ती धरून चालली. अण्णा ग्रुपवर सगळ्यालाच हात जोडतात. पाणी येणार नाही म्हटलं तरी जोडतात.

पेपरच्या दिवशी अक्षता लवकर निघाली. दुकानाचा टी-शर्ट अंगात, हातात रोजची पिशवी, पिशवीत मिक्सरचं रिकामं भांडं आणि भांड्यात हॉल तिकीट. जिन्यात वॉचमनने विचारलंसुद्धा नाही. आईने दाराआड दही-साखर हातावर ठेवली होती, ती तिने उतरता उतरता चाटून टाकली.

तिचं सेंटर जवळच, तळमजल्यावरच्या पोरांचंच. म्हणजे बस इकडेच येणार हे तिला माहीत होतं. तिचा प्लॅन सोपा होता. बस येईल, ढोल वाजेल, पोरं आत जातील, बस जाईल, मग आपण सरकायचं. ती शाळेसमोर उसाच्या रसाच्या गाडीमागे ओढणी तोंडावर घेऊन उभी राहिली आणि मराठीचे वाक्प्रचार आठवत बसली.

बस आली. आधी ढोल आला, मग बॅनरवरचे अण्णा, मग खरे अण्णा, हातात औक्षणाचं ताट. गल्ली भरली. गेटवरचा हवालदार ढोलवाल्यांवर ओरडायला लागला, परीक्षा आहे, कळतं का, आणि अण्णा त्याला समजावायला लागले की परीक्षेसाठीच तर आहे. तळमजल्यावरची पोरं कपाळाला एवढाले कुंकवाचे टिळे लावून उतरली.

शेवटी सर्वेश उतरला.

अक्षताने ओढणी खाली केली. तो फुटपाथवर उभा होता, टिळा घामाने नाकावर उतरलेला, दोन्ही खिशांना पेनं. तोंड उघडत होता, पण ढोलात काही ऐकू येत नव्हतं. अण्णांनी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. मग तेही बंद.

आत सोडायला सुरुवात झाली होती. हिला आता फक्त उभं राहायचं होतं. गर्दी ओसरली असती, हिचं गुपित गुपित राहिलं असतं, संध्याकाळी घर शांत राहिलं असतं आणि पुढचे सगळे पेपर सुखाने गेले असते. सर्वेशने पेढा गिळून कधीतरी कुणालातरी सांगितलंच असतं. कधीतरी. हा पोरगा स्वतःच्या घरात पाहुण्यांना उठा म्हणू शकत नव्हता म्हणून जिन्यात बसायचा.

"च्यायला," अक्षता म्हणाली आणि गाडीमागून बाहेर आली.

ढोलवाल्याच्या हातातली काठी तिने सरळ काढून घेतली. ढोल थांबला आणि गल्लीला एकदम ऐकू यायला लागलं.

"अण्णा, याचं सेंटर पार्कसाइटला आहे. हे नाही."

अण्णा हसले. "गो बाय, तू हंय काय करतंस? दुकानात जा. परीक्षेची पोरं आहेत ही."

"मीपण परीक्षेचीच आहे." तिने पिशवीतून मिक्सरचं भांडं काढलं, भांड्यातून हॉल तिकीट काढलं आणि अण्णांच्या ताटात निरांजनाशेजारी ठेवलं. "हे माझं सेंटर. याचं नाही. काकीने लिहिलं होतं तुम्हाला, तुम्ही हात जोडलेत."

अण्णांनी हॉल तिकीट बघितलं. वरचा फोटो बघितला, मग ती बघितली. त्यांचा चेहरा आधी उतरला आणि लगेच दुप्पट फुलला. ती नेमकी यालाच घाबरत होती. ते मागे वळून लोकांना म्हणायला लागले की बघा, ऐका, आपल्या सोसायटीची ही मुलगी...

"भाषण संध्याकाळी," अक्षता म्हणाली. "आता रिक्षा."

बस गल्लीत अडकली होती, वळायचं नाव नाही, पुढे बॅनर, मागे ढोल. तिने ताटातलं हॉल तिकीट उचललं, रिक्षा अडवली, सर्वेशला आत ढकललं आणि मागून अण्णांना, ताटासकट. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. मग आत वाकून अण्णांना सांगितलं, "वाटेत एक शब्द बोलायचा नाही त्याच्याशी. धीरसुद्धा द्यायचा नाही. कळलं?"

अण्णा परबांना बिल्डिंगमध्ये आजवर असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि विझलेलं निरांजन मांडीवर सांभाळत बसले. रिक्षा गेली. अक्षताने हॉल तिकीट आपल्याकडेच आहे ना बघितलं, होतं, आणि हवालदाराने हटकायच्या आत गेटातून घुसली. पहिल्या उत्तराचं अक्षर वाईट आलं. रागाने की भीतीने, ते तिला कळलं नाही.

सर्वेश पोचला. गेट बंद करायच्या बेतात होते, अण्णा ताट घेऊन आडवे उभे राहिले, तेवढ्यात तो आत शिरला. त्याने नंतर सांगितलं की आख्ख्या वाटेत अण्णा खरंच गप्प होते. ट्रॅफिकमध्ये एकदा त्यांचं तोंड उघडलं होतं, पण त्यांनी त्यात उरलेला पेढा टाकला. पेपर छान गेला, तो म्हणाला. इतका शांत तो जानेवारीनंतर कधी नव्हता.

आणि संध्याकाळी घाड्यांच्या घराची बेल वाजली.

पहिले अण्णाच. हातात पेन. त्यांना काहीतरी वेगळं बोलायचं होतं, हे दिसत होतं. दारात उभं राहून त्यांनी घसा खाकरला, परवा हॉलमध्ये मी जरा, असं म्हणाले, आणि पुढचं त्यांना येत नव्हतं. सवयच नाही. मग त्यांनी पेन पुढे केलं आणि सांगितलं की नवीन बॅनर टाकतोय, तुझा फोटो मधोमध. फोटो कुठून आणला, तर कुठल्याशा लग्नातला, डोळे मिटलेले.

त्यांच्या मागे दुसरा मजला. मग चौथा. मग नीलाकाकी, जिने तिला मिठी मारली, रडली, आणि जाता जाता विचारलं की मिक्सर नक्की कधी होईल. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी त्याच सोफ्यावर बसून तिचं वाटोळं सांगितलं होतं, ते त्याच सोफ्यावर बसून म्हणत होते की आम्हाला आधीपासून माहीत होतं. आई चहावर चहा टाकत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की अक्षताला तिच्यावर ओरडताही येईना. टेन्शन घेऊ नकोस, प्रत्येकजण सांगत होता. पहाटे उठ. रात्री जाग.

पुढचा पेपर इंग्रजीचा होता. इंग्रजीच्या पुस्तकावर कुणीतरी फरसाणाची बशी ठेवली होती.

शेवटचं बिऱ्हाड लिफ्टमध्ये शिरलं तशी अक्षता उठली. पिशवीतून टेस्टर काढला, स्टुलावर चढली आणि दारावरच्या बेलचं झाकण उघडलं. आईने खालून विचारलं, ह्या काय करतंस गो. ती म्हणाली बिघडलीय. वायर काढून तिने टोकाला नीट टेप गुंडाळला, झाकण लावलं, खाली उतरली. बाहेर कुणीतरी बटण दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. थोड्या वेळाने चपला जिन्याने खाली गेल्या.

बाबा खुर्चीतून बघत होते. "झकास," ते म्हणाले. आठवड्यातला त्यांचा तेवढाच शब्द.

ती पुस्तक उघडून बसली. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मग दारावर हलकीशी टकटक झाली, नखाने केल्यासारखी. तिने उघडलं तर सर्वेश, बगलेत इंग्रजीचं पुस्तक, दोन्ही हातांत मिक्सर.

"आता कशाला आणलास?" ती म्हणाली. "आता सगळ्यांना माहितीय."

"नाही गं," सर्वेश म्हणाला. "खरंच बंद पडलाय."

अक्षताने मिक्सर घेतला, कोपऱ्यात ठेवला आणि दाराला आतून कडी घातली.

"शेवटच्या पेपरनंतर बघू. बस."